मागीलदारचं पाणी

"जीब काड."

मी तशीच उभी राहिले.

"काड म्हणटां न्हय? आनी लागीं येवं नाका. थंयच्यानच दाखय."

मी अंगणात होते, तुळशीच्या अलीकडे. ती सगळी वर, बलकांवातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, बाकांवर. बाय, म्हणजे आमची मालकीण. तिचा मुलगा. म्हापशाहून आलेली तिची नणंद. शेजारची दोघं नवरा-बायको. आणि खाली गाडीला टेकून उभा असलेला ड्रायव्हर. सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन थेट माझ्या तोंडावर होतं. मी त्रेचाळीस वर्षांची बाई. माझी मुलगी साखळीला कॉलेजात जाते.

मी जीभ काढली.

हे सांगायला आजही लाज वाटते. पण सांगायचं ठरवलंय तर हेही सांगितलं पाहिजे. दोन्ही हात ओच्यात गुंडाळले आणि सहा माणसांसमोर जीभ बाहेर काढून उभी राहिले. नणंदेनं मान लांब करून पाहिलं. बाजारात म्हशीचे दात बघतात तसं.

"धवी दिसता मगे थोडी," ती म्हणाली.

पांढरी दिसणारच. सकाळपासून पोटात चहाचा घोट नव्हता.

त्यांच्या नातीला टायफॉइड झाला होता. पियू, सात वर्षांची. आदल्या दिवशी तिला म्हापशाच्या दवाखान्यात दाखल केलं होतं. आता हा रोग घरात आणला कोणी, याचा शोध चालला होता. शोध म्हणजे काय, नाव आधीच ठरलं होतं. फक्त जीभ बघायची बाकी होती.

"पियू बरी जायसर येवं नाका," बाय म्हणाली. पोर बरी होईपर्यंत यायचं नाही. आणि मी वळले तशी अंगणात जिथं उभी होते तिथं ड्रायव्हरला बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. फिनेलचा वास मला फाटकापर्यंत येत होता.

त्या घरात मी अकरा वर्षं काम केलं. घर डिचोली तालुक्यातलं, जुन्या भाटकाराचं. भाटकार म्हणजे जमीनदार. आमचा वाडा त्यांच्याच जमिनीवर. मी दोडामार्गाकडची, लग्न होऊन इकडे आले. नवरा खाणीच्या ट्रकवर होता. खाणी बंद पडल्या, तो घरी बसला, मी भाटकाराच्या घरी गेले. आमची जात बायनं मला कधी तोंडानं विचारली नाही. गरजच काय? आडनाव आणि वाडा सांगितला की इथं पुढचं सगळं न विचारता कळतं.

कळतं ते असं. मागल्या दारानं यायचं. परसाला, मागच्या अंगणाला, इथं मागीलदार म्हणतात. तिथं भिंतीला एक खिळा, त्या शेजारी फळीवर एक स्टीलचा ग्लास. ग्लासाच्या बुडाला बायनं नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेला. का? तर तो चुकून आतल्या ग्लासांत मिसळू नये म्हणून. भांडी आतली-बाहेरची सगळी मीच घासायची. मी घासलेल्या ताटात ती जेवायची. पण माझा ग्लास तिच्या ग्लासाला लागता कामा नये. हे गणित मला अकरा वर्षांत सुटलं नाही.

पाणीही वेगळं. आत फिल्टर. आम्हाला मागची बाव, म्हणजे विहीर. बाय तिला 'बांय' म्हणायची. बावीचं पाणी काढून मी मडक्यात भरून ठेवायची. थंडगार असायचं. "आमचे बांयचें उदक म्हणल्यार अमृत," बाय पाहुण्यांना सांगायची. पाहुण्यांना मात्र ते अमृत कधी दिलेलं मी पाहिलं नाही.

मुलाच्या लग्नाच्या वेळी त्यांनी पाहुण्यांसाठी मागे दोन संडास बांधले. बावीपासून दहा पावलांवर. शोषखड्डाही तिथंच, माडाच्या मुळात. त्या संडासात आम्हाला जायला बंदी होती. आम्ही कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, पलीकडे जायचं. संडास आमच्यासाठी नव्हता, पण त्यात जे पडत होतं ते झिरपून आमच्याच मडक्यात येत होतं. हे मला कळायला एक माणूस जावं लागलं.

ते माणूस म्हणजे रेश्मा. माझी धाकटी जाऊ. एकोणतीस वर्षांची, हसरी, बोलायला तिखट. बायच्या घरी वरचं काम वाढलं तेव्हा मीच तिला तिथं लावलं. मीच. तिला ग्लास दाखवला तेव्हा ती म्हणाली, "वैनी, ठिपको तरी झकास लावल्यान हा." आम्ही दोघी हसलो. त्या एका ग्लासात आम्ही दोघी पाणी प्यायचो.

दोन वर्षांमागे गणपती होऊन गेले आणि तिला ताप आला. सर्दी नाही, खोकला नावाला, नाक वाहत नाही. नुसता ताप आणि कपाळात ठणका. सकाळी अंग कोमट, दिवेलागणीला चटका. दुसऱ्या दिवशी त्याहून जरा जास्त. तिसऱ्या दिवशी आणखी जास्त. जिना चढल्यासारखा तो ताप रोज एक पायरी वर चढत होता. आम्हाला ते दिसत होतं आणि कळत नव्हतं.

"वैनी, सकाळी बरां वाटता गो. सांजेक अंग भाजता."

आणि मी काय म्हणाले? "मगे खाडो करू नको. बाय बोलतली."

हे माझं वाक्य. दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही. तिला सकाळी बरं वाटायचं म्हणून मी तिला उठवून कामाला न्यायची. बायही तिला सकाळीच बघायची. चार दिवस ती अधूनमधून पायरीवर बसायला लागली तेव्हा बाय मागल्या दारात येऊन म्हणाली, "सकाळीं बरी आसता आनी सांजे ताप येता? हो कसलो ताप गो? कामाचो आळस तो." रेश्मा उठली आणि फडकं पिळायला लागली.

बाजारातल्या एका डॉक्टरकडे नेलं. तेही सकाळीच, कारण सकाळी ती चालू शकत होती. त्यानं काखेत थर्मामीटर घातला, ताप फार नाही म्हणाला, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ताप जरा दबला, आम्ही पुन्हा गेलो नाही. तो परत वर आला तेव्हा सासू म्हणाली, "मुदतीचो ताप तो. एकवीस दिवसांनी आपसूक उतरतलो." तिच्या आईनं तिला तेच सांगितलेलं. मुदतीचा ताप म्हणजेच टायफॉइड, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नाव घरात होतं, अर्थ घरात नव्हता.

मग एकेक. चार-पाच दिवस पोट साफ नाही, मग एकदम पातळ, डाळीच्या पाण्यासारखं. पोट फुगलेलं, हात लावू देत नव्हती. जिभेवर जाड पांढरा थर, कडा मात्र लालभडक. बांगड्याची आमटी म्हणजे तिचा जीव, ती वाटी तशीच बाजूला सारली. दुसऱ्या आठवड्यात ती बोलायची थांबली. भिंतीकडे बघत बसायची. हाक मारली तर दुसऱ्या घरातून ऐकल्यासारखी उशिरा मान वळवायची. रेश्मा, जी कुणाला शेवटचा शब्द देत नसे. मी बायच्या घरून पाच लिटरच्या कॅनमधून बावीचं पाणी नेत होते, थंड असतं म्हणून. तिच्या कपाळावर त्याच्याच पट्ट्या ठेवल्या. तेच तिला पाजलं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती पोट धरून ओरडली. थोड्या वेळानं ताप उतरला. झटक्यात. अंग गार, घाम आलेला. सासूनं देवापुढे नारळ ठेवला. मीही हात जोडले.

आतडं फुटलं होतं. म्हापशाला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी धावपळ केली, पण आम्ही फार उशिरा पोचलो होतो. त्यांनी विचारलं, ताप किती दिवस? आम्ही एकमेकांकडे बघितलं. सकाळचे दिवस मोजायचे की संध्याकाळचे, तेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तिच्या मागे चार वर्षांचं लेकरू.

तेराव्यानंतर मी कामावर गेले. बाय म्हणाली, "आदीं सांगूंक जाय आशिल्लें." आधी सांगायला हवं होतं. मी ग्लास घेतला आणि पाणी प्यायले. त्या वेळी मी अशी होते.

यंदाच्या मे महिन्यात पियू सुट्टीला आली. बापाची नोकरी पणजीला, ती तिकडेच शिकते. पोर गोड. उन्हात खेळून मागीलदारी यायची आणि मडक्यातलं पाणी मागायची. "तुझं पाणी थंड असतं, आतलं कसंतरी लागतं," म्हणायची. तिला आतल्या ग्लासात द्यायचं तर आत जाऊन आणावा लागेल, मग बाय विचारेल. मी माझ्याच ग्लासात द्यायची. ती बुडाचा लाल ठिपका बोटानं घासायची आणि म्हणायची, हा गणपतीच्या कपाळावरचा. मला बरं वाटायचं. त्या घरात माझ्या ग्लासातून पाणी पिणारं ते एकच माणूस होतं.

जूनच्या सुरुवातीला ती तापली. पहिले तीन दिवस मी लक्ष दिलं नाही. चौथ्या दिवशी बायनं तिच्यासाठी मणगणं, म्हणजे चणाडाळीची खीर, केलं होतं, तिला आवडतं म्हणून. तिनं वाटी बाजूला सारली. तशीच, अगदी तशीच.

मी तिच्याजवळ बसले. नाक वाहत नव्हतं. पोटाला हात लावला तर कुरकुरली. जिभेवर थर, कडा लाल. "सकाळी जरा बरं असतं," ती म्हणाली. मी उठले आणि सरळ बायला सांगितलं. "बाय, हो ताप साधो न्हय. सांजेक मापून बघा. रक्त तपासून घ्या. रेश्माचो असोच होतो."

बायचा चेहरा लाल झाला. मी तिच्या नातीचं नाव रेश्माच्या नावाशेजारी ठेवलं होतं.

"दिश्ट लागल्या ताका. तुजें दोतोरपण मागीलदारां दवर."

नातीला दृष्ट लागली, आणि माझी डॉक्टरकी मागीलदारी. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. आणखी दोन दिवस गेले. मग मीच तिच्या बापाला, बायच्या मुलाला, फोन केला. तो आला संध्याकाळी, आणि त्यानं संध्याकाळीच ताप बघितला. एकशे तीनच्या वर. रक्त तपासलं. टायफॉइड. पोर वेळेत दवाखान्यात पोचली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंगणात उभी करून जीभ काढायला लावली. ओळखला कोणी? मी. मग त्यांच्या हिशेबानं आणलाही हिनंच असणार. नाहीतर हिला कसं कळलं?

घरी आले आणि तोंडात बोटं घालून जीभ घासली. रक्त येईपर्यंत. सगळ्यात वाईट ते नव्हतं. सगळ्यात वाईट हे, की मलाच ते खरं वाटायला लागलं. मी दहा वर्षांची असताना मला मुदतीचा ताप येऊन गेला होता, डोक्यावरचे केस गळले होते. कुणाकडून तरी ऐकलेलं होतं, रोग अंगात लपून राहतो. म्हणजे मीच? रेश्माला मीच दिला? पियूला मीच? तीन दिवस मी मुलीला माझ्या ताटाशेजारी बसू दिलं नाही. स्वतःसाठी वेगळा ग्लास काढून ठेवला. घरात, माझ्याच घरात. बायनं जे अकरा वर्षं केलं ते मी तीन दिवसांत स्वतःला करून घेतलं.

चौथ्या दिवशी हेल्थ सेंटरला गेले. तिथल्या सिस्टरला सगळं सांगितलं, जीभ काढल्याचंही. तिनं पेन खाली ठेवलं.

"जिबेचेर तें दिसना गो," ती म्हणाली. अंगात लपलेला रोग जिभेवर दिसत नाही. शौचाची तपासणी करावी लागते, एकदा नव्हे, दोन-तीनदा. तिनं चिठ्ठी लिहून दिली. भिंतीवर एक तक्ता होता, टायफॉइडची लक्षणं सांगणारा. त्यातल्या माणसाच्या पोटावर गुलाबी ठिपके काढले होते. माणूस गोरापान. तिचा बाप आला त्या संध्याकाळी तसे ठिपके मी पियूच्या पोटावर पाहिले होते. रेश्माच्या पोटावर आले असतील तर आमच्या काळ्या कातडीवर ते कुणाला दिसणार? मी सिस्टरला तसं म्हटलं. ती म्हणाली, "म्हणूनच सांजचो ताप मापपाचो." ठिपक्यांची वाट बघायची नाही. ताप चार दिवस राहिला, रोज चढला, की रक्त तपासायचं. आणि गोळ्या दिल्या तर बरं वाटलं तरी संपेपर्यंत घ्यायच्या.

मग तिनं एक प्रश्न विचारला. साधा प्रश्न. दोन वर्षांत मला तो कुणीही विचारला नव्हता.

"तुमची जाव आनी तें भुरगें, दोगांय एकाच जाग्यावेलें कितें खातालीं, पियेतालीं?"

खात काही नव्हती. रेश्मा घरचं खायची, पियू आतलं. मी बाकावर बसून आठवत राहिले. आणि मला तो ठिपका दिसला. मडकं दिसलं, बाव दिसली, बावीपासून दहा पावलांवरचे दोन संडास दिसले.

मी रडले नाही. मला राग आला. रेश्माच्या मरणावर मी रडले होते, पण रागावले नव्हते. नशिबावर कोण रागावणार? हे नशीब नव्हतं. हे पाणी होतं. वेगळं ठेवलेलं पाणी.

तपासण्या झाल्या. तिन्ही कागद साफ, माझ्यात काही नाही. पियूही बरी होऊन घरी आली. मी कागद घेऊन बायच्या घरी गेले. फाटकातून मागची बाजू दिसते. तिथं पायरीवर एक नवी बाई बसली होती, खानापूरकडची, हातात मळलेली पिशवी. माझ्या जागी लावलेली. तिच्या दुसऱ्या हातात माझा ग्लास होता. अकरा वर्षं मला वाटायचं तो ठिपका माझ्यासाठी लावलाय. तो माझ्यासाठी नव्हताच. मागल्या दारानं येईल तिच्यासाठी होता.

"पिऊ नको ते," मी ओरडले. तिनं घाबरून पाणी ओतलं.

आणि मी पुढल्या दारानं गेले. बलकांवाच्या पायऱ्या चढले. अकरा वर्षांत झाडायला चढले होते, बोलायला पहिल्यांदा.

"मागल्यान यो," बाय म्हणाली.

"नाय. आज हंयच बोलतलंय."

कागद तिच्या मुलाच्या हातात दिले. "माझी जीभ तुमी बघितल्यात. ही माझी तपासणी. माझ्यात कायएक नाय. आता तुमच्या बावीची करा."

"बांयचो कितें संबंद?" तो म्हणाला. "पियू फिल्टराचें उदक पियेता."

इथं मी थांबले असते तर चाललं असतं. माझी सुटका झालीच होती. पण मागच्या पायरीवर ती बाई होती.

"पियू मागीलदारी माझ्या मडक्यातलां पाणी पिय होती. महिनोभर. माझ्याच ग्लासातसून. रेश्मा पण ह्याच पाणी पिय होती."

मग बायनं तोंडावर हात ठेवला.

"तुज्या ग्लासांतलें?"

बाव नाही. खड्डा नाही. रेश्मा तर नाहीच. नात मरता मरता वाचली, तेही नाही. ग्लास. तिला फक्त ग्लास ऐकू आला.

तेव्हा माझ्या आतलं काहीतरी कायमचं तुटलं, आणि बरं झालं तुटलं. तोवर मला कुठंतरी वाटत होतं, हिला नीट समजावून सांगितलं तर ही लाजेल. तिला लाज नव्हती. तिच्या वाट्याची लाज अकरा वर्षं मीच तिच्या वतीनं वाहत होते.

"हो. माझ्या ग्लासातला," मी म्हटलं. "ग्लासान कोण मरणा नाय, बाय. मेला ता पाण्यान. आणि पाणी तुमचा."

मी मागे गेले, त्या बाईच्या हातातून ग्लास घेतला आणि निघाले. पाठीमागून बाय ओरडत होती, घरातलं बाहेर नेते म्हणून. "घरच्यो गजाली भायर व्हरपाक लज दिसना तुका?" मी त्याच दिवशी हेल्थ सेंटरला अर्ज दिला, मुलीच्या हातानं लिहून. माणूस आला, बावीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेला. अहवाल आला: पिण्यास अयोग्य. बावीचं पाणी बंद झालं, वर जाळी पडली. माफी कुणी मागितली नाही, आणि मी वाटही बघितली नाही. उलट वाड्यावर निरोप आला, जमीन कुणाची ते विसरू नका. माझा नवरा घाबरला. मी नाही घाबरले, असं म्हणणार नाही. पण अर्ज मागे घेतला नाही.

आता माझ्याकडे थर्मामीटर आहे. तो मी त्याच ग्लासात ठेवते. वाड्यावर कुणी तापलं की मी दिवेलागणीला जाते. सकाळी कुणी सांगितलं, "उतरलो गो ताप," तर मान डोलवत नाही. संध्याकाळी पुन्हा येते म्हणते, आणि येते. आकडा कॅलेंडरवर लिहायला लावते. चौथ्या दिवशी आकडा चढताच असेल तर हाताला धरून रक्त तपासायला नेते. कुणी मला दोतोरीण म्हणून चिडवतात. चिडवू देत. रेश्माच्या वेळी हे मला यायला हवं होतं. आलं नाही, ते मी कुणाला माफ करायला सांगत नाही, स्वतःलाही नाही.

गेल्या महिन्यात नवं काम धरलं, साखळीला, एका शिकल्यासवरल्या घरात. पहिल्याच दिवशी बाईनं मागच्या ओट्यावर माझ्यासाठी एक ग्लास ठेवला होता. स्टीलचा, वेगळा. मी तो उलटा करून बूड बघितलं. ठिपका नव्हता अजून.

मी ग्लास उचलला. स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या फिल्टरच्या तोटीखाली धरला, काठोकाठ भरला आणि बाईच्या समोर उभ्यानं प्यायले. मग तो धुऊन त्यांच्या ग्लासांच्या रांगेत ठेवला, मधोमध.

"मी ह्याच पाणी पितलंय, आणि ग्लास हंयच ऱ्हवतलो," मी म्हटलं. "चालत आसात तर झाडू खंय आसा ता सांगा. नसात तर मी चललंय."